चार दिवसांत सवय होईल

शुक्रवारी सिनेमा लागला आणि शनिवारी सकाळी चष्मेवाल्याच्या घरात चहासुद्धा कुणी आवाज करून ढवळेना. सिनेमा त्याच्या बायकोचा. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमात सहायक म्हणून पळापळ केल्यावर तिला पहिल्यांदा स्वतःचा सिनेमा करायला मिळाला होता. विषय तिने घरातलाच उचलला: फुटबॉलपायी डोकं फिरलेला एक नवरा, आणि तरी त्याला सोडून न गेलेली त्याची बायको. प्रेमकथा, वर विनोदी. चष्मेवाल्याने ती आधी वाचून दिलदारपणे परवानगी दिली होती. नायकाच्या संघाने निदान पडद्यावर तरी जिंकावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

चार पेपरांत चार परीक्षणं आली. तीन न गोड न आंबट होती. पण वजन होतं ते चौथ्याला. ते लिहिणारे समीक्षक चाळीस वर्षं सिनेमे बघत आणि झोडपत आले होते. थिएटरवाल्याने स्वच्छ सांगून ठेवलं होतं, की साहेबांनी बरं लिहिलं तर दुसरा आठवडा, नाहीतर गुरुवारी पोस्टर खाली.

साहेबांनी एक तारा दिला होता. अख्खा सिनेमा कुठल्या धुक्यात चित्रित केलाय कळत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. नायक कोणता आणि मेहुणा कोणता, याचा शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. एका हळव्या प्रसंगात नायिका नवऱ्याशी बोलते आहे की कपाटाशी, हे तिलाच ठाऊक. आणि त्या चहाच्या प्रसंगाला तर त्यांनी अख्खा परिच्छेद बहाल केला होता. प्रतिस्पर्ध्याने पेनल्टी मारायच्या आधी नायक हातांतल्या वस्तूंची अदलाबदल करतो, का, तर शुभ असतं. त्या नादात साखरेचा कप मधुमेही सासूच्या हातात जातो. ‘असा माणूस जगात असणं शक्य नाही,’ साहेबांनी निकाल दिला होता.

“शक्य नाही म्हणे,” सासूबाई पेपर खाली ठेवत म्हणाल्या. “पत्ता द्या त्यांचा. जावईबापूंना घेऊनच जाते.”

चष्मेवाल्याला यावर एकच उत्तर येत होतं. आपला संघ हरला की तो गेली बावीस वर्षं तेच देत आला होता: रेफरी विकला गेलाय. बायकोने धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला. तिचं म्हणणं, एवढा मोठा माणूस धुकं म्हणतोय तर असेलच धुकं. तिलाच दिसलं नसेल. हे ऐकून चष्मेवाला रेफरीलाही विसरला. पाच मिनिटांत तीन गोल खाल्ल्यावरही त्याचं असं कधी झालं नव्हतं.

तो दुकानात गेला. शटर अर्धं वर जातंय तोच शिंपीमास्तर खालून वाकून आत शिरले आणि त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. बुधवारी रात्री नवा चष्मा नेल्यापासून सुईचं नेढं दिसेना म्हणाले. काल तर एका वकिलाच्या पँटचा पाय खालून शिवून बंद केला. वकील ती घालायला गेला आणि पाय अडकून उभाच्या उभा आडवा झाला.

चष्मेवाल्याने नेहमीचं वाक्य काढलं. नवा नंबर आहे मास्तर, चार दिवसांत सवय होईल. हे वाक्य त्याच्या वडिलांचं. दुकानाबरोबर वारशाने आलेलं. बोलता बोलता त्याने काच यंत्रात धरली आणि वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

काच जवळच्या नंबरची नव्हतीच. लांबच्या नंबरची होती.

बुधवारी संध्याकाळी अंतिम सामना होता. रेडिओ काउंटरखाली. सामना पेनल्टीवर गेला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत एकेक चष्म्याची डबी होती, आत सारखीच तपकिरी फ्रेम. उजवीकडची मास्तरांची, डावीकडची आणखी कुणाची तरी. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या राहिल्या होत्या. प्रतिस्पर्ध्याने पाच पेनल्ट्या मारल्या आणि पाच वेळा डब्यांनी हात बदलले. मग त्याने मोठ्या विश्वासाने चिठ्ठ्या चिकटवल्या.

दुसरं नाव कुणाचं, हे बघायला त्याने वही उघडली. बघायची गरज नव्हती. गुरुवारी सकाळी समीक्षकसाहेबांचा फोन आला होता: जुन्या चष्म्यावर बसलो, आता नव्यातून सगळं जग पुसट दिसतंय. तेव्हा चष्मेवाला हरलेल्या संघाचा खेळ आठवत बसला होता. त्याने सांगितलं होतं, साहेब, चार दिवसांत सवय होईल. आणि साहेब, जगाला शिकवणारा माणूस, दुकानदाराचं ऐकून तसेच सिनेमा बघायला गेले होते.

मास्तरांना, तुमचा खरा चष्मा आणून देतो, असं सांगून तो धावत साहेबांकडे गेला. तिसऱ्या मजल्यावर साहेबांनी दार उघडलं ते पुस्तक नाकाला टेकवलेल्या अवस्थेत. वाटेत त्याने ठरवून टाकलं होतं, ‘जरा स्क्रू आवळलेत’ म्हणायचं, चष्मा बदलायचा आणि निघायचं. कुणाला काही कळणार नाही.

साहेबांनी चष्मा घातला. मग खिडकीशी गेले. समोरच्या इमारतीवरची पाटी त्यांनी मोठ्याने वाचली, मग तिच्याखालचा फोन नंबर वाचला, मग गच्चीत वाळत घातलेले मोजे मोजले. आणि त्यांनी चष्मेवाल्याचे दोन्ही हात धरले. डोळे गेले, असं समजून ते दोन दिवस, तो सिनेमा सोडला तर, घरातच बसले होते. कुणाला बोलले नव्हते. थिएटरात अंधार झाला तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं, की हा आपला शेवटचा सिनेमा, आणि तोही असला.

“तुमचे उपकार कसे फेडू, सांगा,” ते म्हणाले.

इथे गप्प बसला असता तर चष्मेवाला देवमाणूस ठरला असता. पण त्याच्या डोळ्यांसमोर सिंकपाशी उभी असलेली बायको आली.

“साहेब, माझे कसले उपकार,” तो म्हणाला. “चष्मा मीच बदलला. पेनल्टीच्या वेळी. त्या सिनेमातला माणूस मी आहे.”

साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, नव्या चष्म्यातून, अगदी स्वच्छ. चाळीस वर्षांत आपण एक ओळ मागे घेतलेली नाही, असं त्यांनी सांगितलं आणि त्याला दार दाखवलं.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. रेडिओही सांगितला, डब्याही सांगितल्या. सासूबाई ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या. मग बायकोने विचारलं,

“जिंकले का?”

“हरले.”

“एवढं करून?” ती म्हणाली आणि ओट्याला धरून हसत सुटली. हसता हसता रडली, आणि मधेच थांबून म्हणाली, “म्हणजे धुकं नव्हतं.”

“काचेसारखं स्वच्छ आहे ग,” तो म्हणाला. धंद्यातल्या माणसाची साक्ष होती. तिने ती मानली.

रविवारी दुपारच्या खेळाला सव्वीस डोकी होती. साहेब चौथ्या रांगेत होते, स्वतः तिकीट काढून आलेले. चष्मेवाला बायकोबरोबर दोन रांगा मागे बसला. पहिला अर्धा तास त्याने सिनेमा पाहिलाच नाही, साहेबांचं टक्कल पाहिलं. चहाच्या प्रसंगाला ते टक्कल हललं. मग हसण्याने गदगदलं. ‘गोल!’ म्हणून ओरडायला तो उठणारच होता, बायकोने सदरा धरून खाली बसवला.

त्यानंतर मात्र त्याचं लक्ष पडद्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. लग्नाच्या वाढदिवसाला रेडिओ कानाला लावून बसलेला तो. आजारी बायकोला औषधाऐवजी निकाल सांगणारा तो. जिथे जिथे लाल कार्ड दाखवून बाहेर काढायला हवं होतं, तिथे तिथे या बाईने त्याला पुन्हा खेळायला घेतलं होतं, आणि वर लोकांना त्याच्यावर प्रेम करायला लावलं होतं. कथा वाचली तेव्हा हे त्याला दिसलंच नव्हतं. तो गोल मोजत होता.

“फार सांभाळून घेतलंस,” तो अंधारात म्हणाला.

“गप्प बस, लोक बघतायत,” ती म्हणाली, पण सदरा सोडला नाही.

सोमवारी साहेबांनी चाळीस वर्षांचा नियम मोडला. कॅमेरा निर्दोष आहे, त्यांनी लिहिलं, दोष माझ्या नाकावर होता. असा माणूस असणं शक्य नाही, असं मी म्हटलं होतं. तो माझ्या घरी येऊन गेला. गाणी अजूनही लांब वाटतात. अडीच तारे.

गावभर हसं झालं, आणि हसायला आलेले लोक तिकीट काढून आत बसले. आपल्या नाकावर तरी कुणाचा चष्मा आहे, हे तपासायला दुकानात रांग लागली. बुधवारी थिएटरवाल्याचा फोन आला: दुसरा आठवडा, आणि संध्याकाळचा खेळही.

बायकोने फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. चष्मेवाला तिच्याशेजारी बसला. त्याने तिचा हात हातात घेतला, उजव्या हातात, आणि तिथेच धरून ठेवला.