नांदेडचा फोटो

समोरून पाहिलं तर रुद्राणीच्या नाकात कुणाला काही खटकत नसे. बाजूनं मात्र मधला उंचवटा दिसायचा आणि खाली वाकलेला शेंडा. कॉलेजात असल्यापासून ती फोटोला सरळ तोंड करूनच उभी राहायची. ताडकळसच्या शाळेत चार वर्षं नोकरी झाल्यावर तिनं ठरवलं, ऑपरेशन करून घ्यायचं. लग्नासाठी नव्हे, स्वतःसाठी.

तिचे वडील शिवलिंगआप्पा ऐकूनच भडकले. "महादेवानं दिलेल्या चेहऱ्याला सुरी लावतीस? गावात कापडाचं दुकान हाय आपलं. लोक काय म्हनतील?"

तरी ती आईला, गंगम्माला, घेऊन नांदेडला गेली. डॉक्टरांनी बाजूनं फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर नाक सरळ करून दाखवलं. रुद्राणी बघतच राहिली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती गोड दिसायलीस गं!"

असं आई सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणाली होती. पण तेव्हा रुद्राणी खुशीत होती, ते तिला टोचलं नाही. "घाई करू नका, महिनाभर विचार करा," डॉक्टर म्हणाले. फोटो त्यांनी आईच्या मोबाइलवर पाठवला.

पंधरा दिवसांनी शाळेत माधवी मॅडमनी आपला मोबाइल पुढे केला. "ही तूच का गं? चेहरा तर वेगळाच वाटतोय. आमच्या समाजाच्या ग्रुपवर आलीय."

बायोडाटा होता. नाव रुद्राणीचं, शिक्षण तिचं, उंची तिची. फोटो नांदेडचा.

शाळा सुटल्यावर ती तडक दुकानात गेली. "आप्पा, हे काय?"

"ऑपरेशन तू करनारच हायेस. मग खोटं काय त्यात? हप्त्यात चार स्थळं आली. आजवर एक तरी आलं होतं का?"

"तुमीच तर सुरी नको म्हनत होता."

"तवा फोटो बघितला नव्हता," आप्पा म्हणाले आणि कापडाचा तागा गुंडाळू लागले.

रविवारी सेलूची मंडळी आली. आईनं हातापाया पडून रुद्राणीला बाहेर आणून बसवलं. मुलाची आई एकदा मोबाइलकडे बघे, एकदा तिच्याकडे.

"बाळ, जरा खिडकीकडं बघ बरं."

रुद्राणीनं मान वळवली.

"उजेडाचा फरक पडतो, वैनी," आप्पा घाईनं म्हणाले.

"उजेडाचा न्हाई," रुद्राणी म्हणाली. "तो फोटो डॉक्टरनं कॉम्प्युटरवर केलेला हाय. माझं नाक हे असंच हाय."

बाईंनी मोबाइल पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "मग करून घ्या की. दिवाळीपर्यंत थांबू आमी."

आप्पांचा चेहरा खुलला. "करनारच हाय हो ती! तारीखसुद्धा घ्यायचीच हाय."

"मी करनार न्हाई," रुद्राणी म्हणाली आणि उठून आत गेली.

पाहुणे चहा न घेताच निघून गेले. आई दारात येऊन उभी राहिली, रडवेली झालेली. "पर तुलाच तर पायजे होतं ना गं?"

खरंच पाहिजे होतं. पण स्वतःसाठी, स्थळांसाठी नव्हे. त्या दिवसापासून आप्पांनी रुद्राणीशी बोलणं टाकलं. सकाळी वेणी घालताना तिची नजर आरशात नाकावरच जायची, आणि ते तिला पहिल्यासारखंच नकोसं वाटायचं.

डॉक्टरांनी सांगितलेला महिना भरला तेव्हा ती आप्पांचा डबा घेऊन दुकानात गेली होती. दवाखान्यातून फोन आला. ऑपरेशनची तारीख पक्की करायची का, फोनवरची मुलगी विचारत होती.

"नको," ती म्हणाली. जरा थांबून पुन्हा म्हणाली, "नको, ताई."

"कुनाचा फोन?" आप्पांनी विचारलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी तोंड उघडलं होतं.

"राँग नंबर," असं म्हणून तिनं डबा गल्ल्यावर ठेवला.