रविवारच्या काठ्या

थोरलीनं हातातली पिशवी तिकिटाच्या खिडकीत आपटली, तशी तिथली पेन्सिल घरंगळून खाली पडली.

"नवरा जाऊन चौथा महिना लागला नाही, आणि आमच्या सूनबाई दर रविवारी इथं चेंडू टोलवायला येतात. घरी सांगते, पाय मोकळे करायला जाते. आणि तुम्ही तिला खुशाल आत सोडता. शोभतं का हे?"

खिडकीतल्या माणसानं आधी वाकून पेन्सिल शोधली. सत्तरीकडे झुकलेला, उन्हानं रापलेला, डोक्यावर कापडी टोपी. पेन्सिल कानामागं खोचत तो म्हणाला, "आजी, इथं येणारी प्रत्येक बाई कोणाची ना कोणाची सूनच असते. तुमची कोणती?"

"आजी कोणाला म्हणता? माझ्यापेक्षा चार पावसाळे तुम्हीच जास्त पाहिले असतील. उंच आहे, मान खाली घालून चालते. निळं जॅकेट, कोपराला ठिगळ. ठिगळ मी लावलंय, म्हणून दिसायचं नाही."

माणसाच्या चेहऱ्यावरची थट्टा उतरली. "अच्छा. त्या होय," तो म्हणाला. "तिसऱ्या होलपाशी असतील. पायवाटेनं जा, गवतावरून नको. नुसतं बघायला तिकीट लागत नाही."

"बघायला नाही आले. न्यायला आलेय."

थोरलीला कोणी येऊन चुगली केली नव्हती. चाळीस वर्षं लॉन्ड्री चालवलेल्या बाईला चुगलीखोर लागत नाहीत. माणसं खोटं बोलतात, कपडे बोलत नाहीत. तीन रविवार सुनेच्या पँटच्या मोहरीला कापलेल्या गवताचे बारीक तुकडे चिकटून आले. चौथ्या रविवारी, धुवायच्या आधी खिसे चाचपताना, या मैदानाचं नाव छापलेला पुठ्ठ्याचा तुकडा हाती लागला. त्यावर नऊ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत दहा, अकरा, बारा असे आकडे. लेक गोल्फ खेळायचा एवढंच तिला ठाऊक होतं, खेळताना कधी पाहिलं नव्हतं; कपाटामागची त्याची काठ्यांची लांबोडी पिशवी बघायला गेली, तर तिच्या तळाला ओली माती होती.

आज सकाळी सुनेनं हळूच दार ओढून घेतलं, तेव्हाच तिनं मनाशी पक्कं केलं होतं. खरोखर खेळताना दिसली, तर आजच्या आज सांगायचं, बॅग भर आणि माहेरी जा. ज्या घरातला कर्ता माणूस कपडे पोचवायला म्हणून जातो, गिऱ्हाइकाच्या पायरीवर दम खायला टेकतो आणि उठतच नाही, त्या घरात खेळ कसले? सून गेल्यावर मागं उरणार होती धुलाईची दोन यंत्रं, इस्त्रीचं टेबल आणि ती स्वतः. हा विचारही सकाळी दाराशी येऊन उभा होता. तिनं त्याला आत घेतलं नाही.

मैदान ते केवढं. गोल्फचं मैदान म्हणून थोरलीच्या डोळ्यांपुढं काहीतरी अवाढव्य होतं. इथं एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाचा माणूस ओ देईल. नऊ झेंडे, नऊ हिरवे गोल, मधे गुडघाभर झुडपं. कोणी जोडपं पोरांना घेऊन आलेलं, कोणी पेन्शनर एकटाच शीळ घालत चाललेला. घाई कोणालाच नव्हती. हे असलं आयुष्य असतं लोकांचं, थोरलीनं मनात म्हटलं, आणि पायवाट सोडून मुद्दाम गवतावरून चालू लागली.

सून पाठमोरी उभी होती. तिनं काठी उचलली, फिरवली. चेंडू जागचा हलला नाही. मातीचं ढेकूळ मात्र उडालं. पुन्हा फिरवली. या वेळी चेंडू चार हात सरपटत गेला आणि थांबला. मागं दोन म्हाताऱ्या बहिणी खोळंबल्या होत्या. सुनेनं त्यांना हातानं पुढं जायची खूण केली.

"तुमचं चालू द्या गं बाई," त्यांतली एक म्हणाली, "आम्हाला घरी तरी कोण वाट बघतंय."

थोरली झुडपाआडून बघत होती. घराण्याचं नाक कापायचंच, तर निदान धड तरी कापावं. इतका वाईट खेळ खेळायला चोरून यावं लागतं, हे तिला उमगेना.

"बास झालं," ती पुढं होत म्हणाली.

सून वळली. दचकली नाही, याचाच थोरलीला राग आला.

"आई. तुम्ही इथं?"

"का, मला मनाई आहे? पाय मोकळे करायला आलेय. म्हटलं, तू कुठं करतेस तिथंच करावेत."

सुनेनं काठीच्या टोकाची माती बोटानं पुसली. "सहा होल राहिलेत, आई. तेवढी फेरी पुरी होऊ दे. मग बोला काय बोलायचं ते."

"मी काय तुझी वाट बघत बसू?"

"चला बरोबर. चालता चालता बोला."

आणि थोरली चालली. का चालली, ते तिलाही सांगता आलं नसतं. चौथ्या होलपर्यंत तिनं लोकांच्या तोंडांबद्दल सांगितलं, पाचव्यापर्यंत आपल्या स्वतःच्या विधवापणाबद्दल, की नवरा गेला त्यानंतर तीन वर्षं तिनं हसूनसुद्धा पाहिलं नव्हतं. सून ऐकत होती आणि माती उडवत होती. चेंडू कधी झुडपात, कधी पायाशी. एकदा तर तो मागंच गेला.

"अगं, पुढं मारायचा असतो ना तो?"

"हो."

"मग?"

"मला येत नाही, आई."

"येत नाही तर आलीस कशाला?"

सून चेंडूमागं चालू लागली. तेवढ्यात मागून खिडकीतला टोपीवाला येताना दिसला, हातात एक काठी घेऊन. थोरलीला वाटलं, गवत तुडवल्याबद्दल भांडायला येतोय. तिनं कंबर कसली. पण तो सरळ सुनेकडे गेला.

"बाई, दर रविवारी सांगतो, आता तुमच्या सासूबाईंसमोर सांगतो. ही घ्या. भाडं नको. त्या काठ्यांनी तुम्ही जन्मभर नुसतं खणत बसाल. डावखुऱ्याच्या काठ्या त्या, त्यांचं तोंडच उलटं. उजव्या हाताच्या माणसाचं काम नव्हे."

"डावखुरा कोण?" थोरलीनं विचारलं.

"कोण म्हणजे? तुमचा मुलगा."

"माझा मुलगा उजवा होता." तिनं हे अगदी शांतपणे सांगितलं, दुकानात गिऱ्हाइकाला डाग आधीचा आहे हे सांगावं तसं. "जन्मला डावरा, पण मी वळण लावलं. चार वर्षांचा होता. डावा हात कमरेशी बांधून ठेवायची, जेवताना, लिहिताना. सहा महिन्यांत सरळ झाला. विचारा कोणालाही."

टोपीवाला हसला. त्याला काही कळलेलं नव्हतं. "असेल. खिडकीत कार्ड लिहायचा तो उजव्यानंच. पण काठी हातात आली की सगळं डावं. वीस वर्षं पाहिलं मी. काय सुंदर फिरवायचा. पहिल्या दिवशी आमच्याकडे डाव्या हाताची एकच मोडकी काठी होती, ती त्यानं..."

सुनेनं त्याच्याकडे पाहिलं. तो थांबला. आणलेली काठी बाकाला टेकवून ठेवली, टोपी सारखी केली आणि आला तसा परत गेला.

सातव्या होलशेजारी ते बाक होतं. थोरली बसली. पिशवी मांडीवर घेतली, तिचं बक्कल उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"लग्नाआधीपासून. इथंच तर भेटलो आम्ही."

"इथं? मला तर सांगितलं होतं, वाचनालयात."

"वाचनालय तुम्हाला आवडलं असतं म्हणून."

"आणि वीस वर्षं मला कोणी एका शब्दानं सांगितलं नाही. मी काय वाघीण होते? खाल्लं असतं त्याला?"

सून तिच्या शेजारी बसली, दोघींमध्ये एका माणसाची जागा सोडून. "घाबरून नाही लपवलं त्यानं. मी एकदा म्हटलं होतं, सांगून टाक, आता काय लहान आहेस का. तर म्हणाला, आईच्या मनासारखं आयुष्यात फार काही झालं नाही. मला सरळ केलं, हे एक झालं. ते तरी राहू दे तिच्याकडे."

पहिल्या होलपाशी कोणाचं तरी पोर हसत होतं. थोरली त्या दिशेला बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढं मैदान नव्हतं, इस्त्रीचं टेबल होतं. भिंतीतला प्लग उजव्या बाजूला. वायर उजवीकडून यायची, इस्त्री उजव्या हातात. पोरगा तिथं उभा राहून शिकला, मोठा झाला, टक्कल पडेपर्यंत तिथंच उभा राहिला. त्याच्या डाव्या मनगटावर भाजल्याचे डाग होते, एकावर एक, सात की आठ. प्रत्येक डागाच्या वेळी ती म्हणाली होती, धांदरट कुठला, तो हात मधे आणतोसच कशाला. गिऱ्हाइकांनाही ऐकवायची: मेहनती आहे, पण हाताला डोळे नाहीत. तो हसायचा आणि मनगट नळाखाली धरायचा.

तो हात मधे येत नव्हता. कामाला पुढं होत होता.

"दे इकडं," ती म्हणाली.

सुनेनं काठी दिली. थोरलीनं ती उभी धरून आधी तोंडाकडून पाहिली, मग मुठीकडून. रबर एके ठिकाणी गुळगुळीत झालं होतं, अंगठ्याएवढा खळगा पडला होता. शर्टाची झिजलेली कॉलर पाहून माणूस मान कशी धरतो ते ती सांगू शकत असे. तिनं उजवा हात वर ठेवला, डावा खाली. डावा अंगठा त्या खळग्यात बसला आणि तरी जागा उरली. त्याचा हात मोठा होता. एवढा मोठा होता, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"म्हणून हीच काठी धरतेस होय," ती म्हणाली.

"हो. चेंडूचं मला काही नाही, आई. कुठंही जाऊ दे. तेवढा वेळ बोटं तिथं असतात."

थोरलीनं काठी परत दिली नाही. मांडीवर आडवी घेऊन बसली. मघाच्या दोन म्हाताऱ्या बहिणी पुढचा होल संपवून परत येत होत्या. त्यांनी हात केला, सुनेनंही केला.

"एक विचारू?" सून म्हणाली. "खिडकीतल्या काकांना तुम्ही म्हणालात, न्यायला आलेय. इथवर ऐकू आलं, तुमचा आवाज काय सांगावा. तर मला न्यायला आलात, की घालवायला?"

थोरलीनं मांडीवरची काठी हातात घेतली. ती उठली. चेंडूपाशी गेली, आणि पोराबाळांची, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता, उजवा हात वर, डावा खाली, अशी उभी राहिली. तिला काहीच जमेना. खांदा एकीकडे, कंबर भलतीकडे. जन्मभराचं उजवं शरीर, ते ऐकेचना. एकदा हवेत फिरवली. दुसऱ्यांदा मातीत रुतली आणि झटका खांद्यापर्यंत गेला. तिसऱ्यांदा ती थांबली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि चेंडू दिसत नव्हता. सहा महिने. चार वर्षांचं पोर सहा महिने असं उभं होतं, आणि ती घड्याळ लावून बघत होती.

सून जवळ आली, पण हात लावायचं धाडस तिला झालं नाही. थोरलीनं मनगटानंच डोळे पुसले. काठी शालीच्या टोकानं तोंडापासून मुठीपर्यंत स्वच्छ केली आणि सुनेच्या पाठीवरच्या पिशवीत नीट, आवाज न करता सरकवली. मग बाकाला टेकवलेली टोपीवाल्याची काठी उचलून तिच्यापुढं धरली. सून ती घेईना.

"धर," थोरली म्हणाली. "उरलेले होल हिनं खेळ. तुझा खेळ भिकार आहे, आणि त्यात तुझी चूक नाही. त्याच्या काठ्या घरात राहतील, तुला वाटेल तेव्हा मुठीला हात लावून बस, मी विचारायची नाही. पण खेळायचं ते आपल्या हातानं. एका लेकराचा हात मी बांधला. दुसरीनं स्वतःच बांधून घेतलेला मी बघत बसायची नाही. आणि पुढच्या रविवारी दार आपटून नीघ, मला ऐकू येईल असं. माझ्यापासून लपवून खेळणारं एक माणूस होऊन गेलं आपल्या घरात. दुसरं नको."