'समाप्त'च्या पाटीनंतर

मित्रांनो, माझा डबा उघडल्यावर तुम्ही नाक मुरडलंत तरी मी रागावणार नाही. म्हातारपणी आमच्या अंगाला आंबूस वास येतोच. मी एका माहितीपटाची जुनी फीत आहे. थोर माणसांच्या आयुष्यावरचे माहितीपट तुम्ही पाहिले असतील. माझ्यात हॅलोमावशी आहे.

ही मावशी टेलिफोन केंद्रात काम करायची. एका दुपारी धरण फुटलं. पाणी गावात शिरायच्या आत तिने घरोघरी फोन लावून लोकांना टेकडीवर पिटाळलं. पाणी केंद्राच्या पायऱ्या चढू लागलं तरी ती खुर्चीवरून हलली नाही. अख्खं गाव वाचलं.

पुढे एक दिग्दर्शक कॅमेरा घेऊन आला. मावशी त्याच्याशी पोटभर बोलली आणि चित्रपट पुरा होण्याआधीच वारली. मग मला संकलनाच्या टेबलावर घेतलं, आणि तिथेच घात झाला. त्या दुपारी मावशीच्या शेजारी आणखी एक मुलगी होती. केंद्रात सगळे तिला धाकटी म्हणत. वीज गेल्यावर पलीकडची घंटा वाजवायला यंत्राचा दांडा हाताने फिरवावा लागे. तो तिने फिरवला होता. मावशीने ते कॅमेऱ्यासमोर सांगितलंही होतं.

"हा तुकडा काढा," दिग्दर्शक म्हणाला. "लोकांच्या लक्षात एकच चेहरा राहतो."

"अहो, पण त्या मुलीचं काय?" संकलन करणाऱ्या बाईंनी विचारलं.

"काढा म्हटलं ना!"

बाईंनी तुकडा कापला, पण केराच्या पिंपात टाकायला त्यांचा हात धजेना. 'समाप्त'च्या पाटीनंतर थोडी कोरी फीत जोडून, तिच्यापुढे त्यांनी तो गुपचूप चिकटवला. कधीतरी कोणीतरी पाहील, एवढीच त्यांची आशा. भाबड्या होत्या बिचाऱ्या! पाटी आली की यंत्रचालक बटण दाबतो आणि लोक चपला शोधू लागतात, हे त्या साफ विसरल्या.

माझं कौतुक मात्र भरपूर झालं. शाळाशाळांतून हिंडले, टाळ्या घेतल्या, थोडी शेफारलेही. "त्या खोलीत ती एकटी होती," असं माझ्यातला भारदस्त आवाज सांगायचा. लोकांनी स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला. "तू म्हणे पळाली होतीस," असं धाकटीला तोंडावर म्हणू लागले. सांगून सांगून ती थकली आणि गप्प झाली.

मग माझेही दिवस फिरले. डब्याला गंज चढला, मी आकसले, वाळले. माझ्या बाकीच्या प्रती केव्हाच भंगारात गेल्या होत्या.

शेवटी मला जुन्या फिती वाचवणाऱ्या एका माणसाकडे आणलं. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. त्याने मला उजेडात धरून पाहिलं आणि मान हलवली. "ही यंत्रातून एकदाच जाईल. तेवढ्यात नक्कल उतरली तर उतरली."

एकदाच! माझा जीव टांगणीला लागला.

नक्कल उतरवायच्या दिवशी धाकटीची नात आजीला बळेबळेच घेऊन आली होती.

"आजी, एकदा बघून तर घे."

"काय बघू? मी नाहीच त्यात."

यंत्र सुरू झालं. माझे सांधे करकरत होते. एका ठिकाणी कड फाटली, पण मी निभावले. मावशी दिसली, पूर आला, ओसरला. 'समाप्त'ची पाटी आली आणि गेली. पडदा पांढरा झाला. डॉक्टरचा हात बटणाकडे गेला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला स्वतःचा कुठला आवाज!

"अहो, त्या चाकावर अजून आहे ना?" धाकटी म्हणाली.

"कोरी आहे आजी. शेवटाला असतेच. उगाच यंत्रात अडकायची."

"आमच्याकडे समोरच्याचं बोलणं संपलं का, हे ऐकल्याशिवाय लाइन तोडत नसत. थांबा जरा."

डॉक्टर हसला, पण त्याचा हात थांबला. कोरी फीत सरकत राहिली. मग बाईंनी लावलेला तो सांधा आला. त्याचा डिंक पार सुकला होता. तो अर्धा उघडला, लटपटला आणि कसाबसा पार झाला.

पडद्यावर मावशी होती.

"नंबर मी लावत होते, पण घंटा वाजत होत्या त्या धाकटीमुळे. तळहात सोलवटले पोरीचे, तरी दांडा सोडला नाही. जा म्हटलं, तर म्हणते, तुम्ही उठा, मग मी उठते. हे चित्रपटात नक्की घ्या हं."

आणि मी तुटले. पण नक्कल उतरली होती.

नातीने आजीचा हात हातात घेतला आणि तळवा उलटून पाहिला. धाकटी रडत होती. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले.

"झालं मावशीचं बोलणं," ती म्हणाली. "आता तोडा लाइन."

मित्रांनो, आम्हा जुन्या फितींना ओल लागू देऊ नका, एवढं तर मी मागणारच. पण आणखी एक मागते. कोणाची थोरवी पाहून टाळ्या वाजवाल, तेव्हा लगेच उठू नका. शेजारी बसून दांडा कोण फिरवत होतं, तेवढं विचारा.