बेसिनखालचं काम

टप्.

दुपारी घर निजलेलं असलं की एवढासा आवाजही केवढा होतो. स्वरूपा शाळेतून येऊन, जेवून झोपली होती. आप्पा हॉलमधल्या दिवाणावर तोंडावर टॉवेल टाकून आडवे झाले होते. मी ओटा पुसून नुकती कुठे भिंतीला टेकले होते, तेवढ्यात बाथरूममधून तो आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टप्.

पाय न वाजवता आत गेले. बेसिनखाली ठेवलेल्या टबात पाणी साचलं होतं. ते ओतलं आणि माझी एक जुनी ओढणी घडी करून टबाच्या तळाशी ठेवली. आता थेंब पडले तरी ऐकू येणार नव्हते. कुणी विचारलंच तर कपडे भिजवलेत म्हणायला मोकळी. विचारणार तरी कोण? आप्पाच. आणि तो पाइप बसवला होता आप्पांनीच.

आप्पा म्हणजे माझे वडील, ज्योतीराम. भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात उभा जन्म फिटर म्हणून काढला त्यांनी. आई गेल्यावर निगडीची खोली विकली आणि तो पैसा माझ्या भावाच्या, गणराजच्या ताथवड्यातल्या फ्लॅटमध्ये घातला. तिथली एक खोली आप्पांची, असं ठरलं होतं. पुढे गणराज घरून काम करायला लागला. त्या खोलीत टेबल आलं, दोन स्क्रीन आले आणि आप्पा हॉलमध्ये आले. तिथून चार दिवस म्हणून आमच्याकडे चिखलीला. ते चार दिवस दिवाळीआधी सुरू झाले, ते अजून चालूच आहेत.

मला त्याचं काही नव्हतं. प्रज्वललाही नव्हतं. चाकणहून शिफ्ट करून आला की माझा नवरा माझ्याआधी त्यांच्याशी बोलतो. अडचण होती ती आप्पांनाच. माझ्या लग्नानंतर स्वरूपा होईपर्यंत त्यांनी आमच्या घरचं घोटभर पाणी घेतलं नव्हतं. त्यांच्या गावाकडे, बार्शीच्या बाजूला, तशी रीत. लेकीला मूल झालं की मग बापाला तिच्याकडे जेवायची मोकळीक. म्हणून ताटावर बसताना ते नातीला रोज सांगतात, "सरू, तू आलीस म्हनून आजोबाला हितं भाकर मिळाली बघ." आणि ती फुगते, जणू भाकरी तिनेच थापली.

जेवायची मोकळीक झाली, राहण्याची काही झाली नाही. ती उणीव भरून काढायला ते घरात कामं शोधत राहायचे. कपाटाची बिजागरी झाली, गॅलरीतली दोरी झाली, बेलचं बटण झालं. मग नजर गेली बेसिनखाली. तिथे लवचिक पाइप होता, पाणी बरं जात होतं. पण आप्पांना तो बघवेना.

"कोंबडीच्या आतड्यावानी दिसतंय ते," म्हणाले. "उघड्यावरचं काम कसं सरळ पायजे."

एक अख्खी सकाळ ते आणि स्वरूपा बाथरूममध्ये होते. बाहेर आले तेव्हा दोघांच्याही गुडघ्यांना चिखल. "झालं! आता हात लावायचं काम न्हाई," आप्पा म्हणाले आणि मी टाळ्या वाजवल्या. मोठ्याने वाजवल्या. त्याच दिवशी पाणी ठिबकायला लागलं.

मी वाकून बघितलं तर पाइप सरळ उतरलाच नव्हता. भिंतीतल्या भोकाच्या चांगला बाजूला गेला होता आणि तिथून ओढून-ताणून आत कोंबला होता. जोडावर एमसीलचा गोळा, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, त्यावर पुन्हा चिकटपट्टी. ज्या माणसाने मला वहीत समास आखताना पट्टी कशी धरायची ते शिकवलं, त्याचं हे काम. मला राग नाही आला. टब शोधून आणला आणि खाली सरकवला.

तसाच चालवून घेतला असता. पण रविवारी सासूबाई येणार होत्या. मागच्या खेपेला त्या हसतहसत म्हणाल्या होत्या, "व्याही अजून इथंच वाटतं?" आता टब बघून म्हणाल्या असत्या, "घरात फिटर असून ही तऱ्हा?" आप्पा हॉलमध्ये बसून ते ऐकणार आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकणार. ते मला नको होतं. आप्पांना कळायच्या आत सगळं सरळ करून घ्यावं, नवा पाइपही तसाच पांढरा, वाकून बघितल्याशिवाय त्यांना काय वेगळा दिसणार, असा माझा हिशोब.

हार्डवेअरच्या दुकानातून आरिफ प्लंबरचा नंबर घेतला. रोज संध्याकाळी आप्पा स्वरूपाला बागेत नेतात, तेवढ्यात ये म्हटलं. "येतो ना ताई, अर्ध्या तासाचं काम," असं म्हणाला आणि आला तो ते दोघं बाहेर पडून बराच वेळ झाल्यावर. माझा जीव दाराकडे. त्याने चपला काढल्या, पिशवी टेकवली, बेसिनखाली मान घातली आणि च्च् च्च् करायला लागला.

"काय झालं?" मी विचारलं.

"ताई, हा पाइप आहे का मोडलेला पाय? एवढं बँडेज!"

मी ओठ दाबले.

"नाही, खरंच विचारतो. भोक इकडं, पाइप चालला आळंदीला. मध्येच कुणीतरी कान धरून परत आणलाय." त्याने चिकटपट्टी सोलायला घेतली. एक निघाली की आत दुसरी, ती निघाली की आत ट्यूब. "अरे बापरे. ताई, साडी सोडतोय का काय मी?"

आणि मी हसले. मला ते सांगायलाच हवं, कारण पुढे जे झालं त्यात तेच सगळ्यात जास्त टोचतं. बळेच हसले नाही. पोट धरून हसले. किती दिवस तो टब लपवत होते, ओढण्या पिळत होते, ते सगळं त्या हसण्यातून सुटलं.

"कुणी केलंय हे?" आरिफने विचारलं.

"आधी भाडेकरू होते इथे," मी डोळे पुसत म्हणाले. "त्यांनी केलंय."

"तरीच. दुसऱ्याच्या घरात कोण जीव लावून काम करतो? चार दिवस राहायचं, निघून जायचं."

"नाहीतर काय," मी म्हणाले.

"आई, आम्ही आलो!"

स्वरूपाचा आवाज अगदी पाठीशी होता. मी वळले. आप्पा बाथरूमच्या दारात उभे होते, एका हातात तिचा हात, दुसऱ्या हातात तिच्या सॅंडल. हॉलचं दार मीच आरिफसाठी उघडं ठेवलं होतं. ते केव्हा आले, किती ऐकलं, मला अजूनही माहीत नाही. सॅंडल मात्र त्यांनी काढून हातात घेतल्या होत्या. एवढं करायला वेळ लागतो.

"पण आजोबा, ते तर—" स्वरूपा म्हणाली.

"सरू," आप्पा म्हणाले, "गप की जरा. काम चाललंय." मग बेसिनकडे बघत, अगदी सहज, "व्हय. भाडेकरूच व्हता त्यो. लई शहाना समजायचा सोताला."

"तुम्ही बघितलंय का त्याला, चाचा?" आरिफने आतूनच विचारलं.

"बघितलंय की. डोळ्यानं अधू झाला व्हता. सरळ रेघ बी दोन-दोन दिसायची. पर सांगायचा न्हाई कुनाला."

"मग बिचाऱ्याचा काय दोष," आरिफ म्हणाला आणि त्याने करवतीने पाइप कापायला घेतला.

मी तिथे उभी होते. म्हणायचं एवढंच होतं. हे माझे वडील, हे त्यांनी केलंय, मी खोटं बोलले. तीन साधी वाक्यं. परक्या माणसासमोर तोंडातून निघेनात. बाहेर काढली असती तर त्यांनी आत्ताच आपल्या अंगावरून झटकलेलं सगळं मी परत त्यांच्या अंगावर टाकलं असतं, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरंही असेल. पण त्यात माझीच सोय जास्त होती.

आणि डोळ्यांचं. सकाळी पेपर उघडून बसायचे, पान मात्र उलटायचे नाहीत. चहाचा कप टेकवताना आधी बोटाने टेबलाची कड चाचपायचे. हे मी रोज बघत होते. बघत होते म्हणजे तिथे होते, एवढंच.

"चाचा, जरा बॅटरी धरता का?" आरिफने मोबाइल मागे सरकवला. "आत अंधार आहे."

मी पुढे झाले, पण आप्पांनी तो आधीच घेतला होता. गुडघ्यावर बसले. उजेड पडला तो टाइल्सवर.

"थोडं इकडं चाचा. अजून इकडं. अं, अजून."

उजेड भिंतीवर हलत राहिला, भोकावर काही येईना. मग स्वरूपा त्यांच्याजवळ उकिडवी बसली, त्यांचं मनगट आपल्या दोन्ही हातांत धरलं आणि हळूच फिरवलं. उजेड बरोबर जोडावर आला. तिने ते इतक्या सवयीने केलं की मला कळलं, त्या सकाळीही ती हेच करत होती. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला जे माहीत होतं ते मला नव्हतं.

काम लगेच झालं. भोकाच्या रेषेत वळणाचा एक जोड, एल्बो, नवा वॉशर, पाइप वरून खाली सरळ. आरिफने नळ पूर्ण सोडला. आप्पांनी खाली हात घालून जोडाभोवती तळवा फिरवला, दोनदा फिरवला.

"कोरडं हाय," म्हणाले. "चांगलं केलंस बाबा."

आरिफ गेला. मी टबातली ओढणी काढून गॅलरीत वाळत घातली, ती पिळायचीही विसरले. परत आले तर आप्पा दिवाणावर बसून आपलं धोतर चाचपत घडी करत होते, कडेला कड जुळते का बघत.

"आप्पा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या. उद्याच जाऊ."

"गणराज नेईल की. त्याचा मघाशी फोन आला व्हता, ये म्हनला. सकाळी निघतो."

त्यांचा फोन दुपारपासून माझ्याकडे होता, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. कुणाचाही आला नव्हता. तो मी त्यांच्या हातात नेऊन दिला. ते एक खोटं त्यांच्याकडे राहू दिलं. मागून घेतलं असतं तर आधी माझं द्यावं लागलं असतं.

"मी काय बोलले ते..." मी तरीही सुरुवात केली.

"काय बोललीस? कायबी न्हाई बोललीस," ते म्हणाले. "पोरीला भूक लागली आसंल. वाढ जा तिला."

माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, मऊपणा होता. पाहुण्याने यजमानाशी बोलावं तसा.

स्वयंपाकघरात स्वरूपाला पाटावर बसवलं. वरणभात कालवून घास करायला लागले. मधे फक्त पडदा, पलीकडे आप्पा. धोतराच्या घडीचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

"आई, भाडेकरू म्हणजे काय गं?"

"दुसऱ्याच्या घरात राहतात ते," मी म्हणाले. तोंडातून गेलंच. "घास घे."

तिने घास घेतला, गालात ठेवला, चावायची थांबली. विचार करताना ती अशीच थांबते.

"मग आई," ती म्हणाली, "आजोबांचं घर कोणतं?"