ओम्बरचा खटला

हर्षितने सर्वेशच्या कानाखाली जाळ काढला, तेव्हा खटला सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. सर्वेश बाकावरून मागे पडला, पडता पडता त्याने हर्षितची कॉलर धरली आणि दोघेही फळ्याखाली कोसळले. सर्वेशच्या नाकातून रक्ताची धार लागली. तरी त्याचा गुडघा हर्षितच्या पोटात बसलाच. बाकीची आठ-दहा पोरं ‘अरे सोड, अरे सोड’ म्हणत होती आणि कोणीच सोडवत नव्हतं, आपल्याकडे नेहमी होतं तसं.

शेवटी मागच्या बाकावरून त्र्यंबक उठला. वागळे इस्टेटमध्ये लेथवर तीस वर्षं काढलेला माणूस. त्याने एका हाताने हर्षितला उचलून खिडकीशी उभा केला आणि दुसऱ्या हाताने सर्वेशच्या नाकावर रुमाल दाबला.

“काका, याने मला आईवरून शिवी घातली,” हर्षित धापा टाकत म्हणाला.

“मी फक्त बोललो की तुला स्टोरी समजत नाय,” रुमालातून सर्वेश म्हणाला. “शिवी नंतर घातली.”

आणि हे सगळं कशावरून, तर जो माणूस कधी जन्मालाच आला नाही अशा एका द्वारपालावरून.

‘नक्षत्रदुर्ग’ नावाची एक परदेशी मालिका आहे. ताऱ्यांमध्ये तरंगणारे सात किल्ले, एक राणी, तिच्या मुळावर उठलेला सेनापती कॅस्कर, आणि दर भागात वीस-पंचवीस मुडदे. तिच्या पायी ठाकुर्लीतली ही पोरं येडी झाली होती. एका क्लासची खोली रविवारी सकाळी रिकामी असायची, तिथे ती जमायची आणि दर रविवारी एका पात्रावर खटला चालवायची. नियम एकच, पण कडक. आरोपीच्या खुर्चीत जो बसेल त्याने ‘तो’ म्हणायचं नाही, ‘मी’ म्हणायचं. आणि तो उठेपर्यंत कोणी मध्ये तोंड घालायचं नाही.

आज आरोपी होता ओम्बर. सातव्या किल्ल्याचा म्हातारा द्वारपाल, चाळीस वर्षं इमानदार. चौथ्या पर्वाच्या शेवटी कॅस्कर एकटाच दाराशी येतो, शिरस्त्राण काढतो, मान खाली घालून उभा राहतो. ओम्बर दार उघडतो. पुढच्या दहा मिनिटांत किल्ल्यातली तीनशे माणसं कापली जातात. लहान पोरंसुद्धा.

“लालच नाय, धमकी नाय, काहीच नाय,” हर्षित पुन्हा सुरू झाला. “चाळीस वर्षं एक नंबर इमानदार दाखवलेला माणूस एका सीनमध्ये दार उघडतो? रायटरला सीझन संपवायचा होता, बस. शेण खाल्लंय त्याने.”

“कारण दाखवत नाय हीच तर स्टोरी आहे,” सर्वेश म्हणाला. “कॅमेरा फक्त त्याच्या हातावर आहे. का? विचार कर ना जरा. सगळं चमच्याने भरवायचं का तुला?”

“बसा दोघं,” संचिता म्हणाली.

संचिता ही त्र्यंबकची लेक. वीस वर्षांची, आवाजाला धार, आणि या मंडळाची नकळत झालेली पुढारी. लॉकडाउनमध्ये बापलेक एका मोबाइलवर डोकी लावून ही मालिका पाहायला लागले होते, तेव्हापासून त्र्यंबकला पात्रांची नावं, किल्ल्यांचे क्रम, सगळं तोंडपाठ होतं. कारखान्यातले सोबती त्याची टिंगल करायचे. पण पोरगी बापाला स्वतःहून ‘बाबा, रविवारी येताय ना?’ विचारते हे सुख किती जणांच्या नशिबी असतं? मागच्या बाकावर बसून तो तिचं वकिली बोलणं ऐकायचा आणि त्याचं पोट भरायचं. आज ती ओम्बरच्या विरोधात बोलणार होती.

“कारण काय घेऊन बसलात?” ती म्हणाली. “कारण कोणालाही असतं. माझ्या घरातच होती ना एक ओम्बर. माझी आजी. हेमाआत्या नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेली. तो मागे आला तर आजीने कडी काढून त्याला आत घेतला, जावई आहे म्हणून. त्याने कोयता काढला. आत्याचा उजवा हात मनगटापासून गेला. आता आजीच्या मनात काय होतं ते शोधून आत्याचा हात परत येणार आहे का? जिने दार उघडलं, तिनेच तोडला तो हात. ओम्बरला पण तेच लागू.”

हर्षित खिडकीपासून येऊन बाकावर बसला.

त्र्यंबकच्या कानात मात्र लेथ सुरू झाल्यासारखं झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चांदणं कसलं, भर दुपारचं ऊन होतं. तेवीस वर्षं त्याने ते दार झाकून ठेवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि त्या मुठीची किंमत आज त्याची स्वतःची पोर मेलेल्या आजीकडून वसूल करत होती, सगळ्यांसमोर, इतक्या सहज. हिला खरं कळलं तर पुन्हा आपल्याकडे बाप म्हणून बघेल का, या एका भीतीने तो आजवर गप्प होता. आता गप्प राहणं त्याला जमेना.

“ओम्बरकडून कोण बसणार?” संचिताने विचारलं. “सर्वेश, तुझं नाक?”

“मी बसतो,” त्र्यंबक म्हणाला.

पोरं खूश झाली. काका आजवर कधी बोलले नव्हते. कोणी तरी टाळ्याही वाजवल्या. त्र्यंबक खुर्चीत बसला, तळवे मांडीवर पुसले.

“मी ओम्बर,” तो म्हणाला. “दार माझ्या ताब्यात होतं. म्हणजे तसं घर आईचं, पण मोठा मीच. दुपारी तीनचा सुमार. तो आला. हातात पेढ्यांचा बॉक्स.”

“पेढे?” मागून कोणी तरी फिसकन हसलं.

“नियम,” हर्षित दरडावून म्हणाला.

“पेढ्यांचा बॉक्स, आणि काखेत पिशवी. चाळीची गॅलरी होती. शेजारची सगळी बाहेर आलेली बघायला. तो मान खाली घालून बोलला, दादा, चुकलं माझं, तिला न्यायला आलोय. आवाज पण चढवला नाय त्याने. बहीण आत झोपलेली, तिचा ओठ फाटलेला, मी बघितलेला. आई तांदूळ निवडत होती. ती मला बोलली, उघडू नको रे. हळूच बोलली. त्याआधी दोनदा आईनेच तिला समजावून परत धाडलेली. पण त्या दिवशी ती बोलली, उघडू नको.”

संचिताने हातातला कागद खाली ठेवला.

“मला त्याची भीती नव्हती. पैसे दिले नव्हते मला कोणी. मला फक्त लाज वाटत होती. जावई दारात उभा आहे आणि अख्खी चाळ बघतेय. जावयाला असं उभं ठेवतात का? लोक काय बोलतील? बस, एवढंच डोक्यात होतं. मी कडी काढली. तो चप्पल काढून आत आला. बॉक्स आईच्या हातात दिला. मग पिशवीत हात घातला.”

त्र्यंबकने तळवे पुन्हा मांडीवर पुसले.

“तिने हात आडवा धरला म्हणून मान वाचली. पहिला वार हाडापर्यंत, दुसऱ्याने हात खाली पडला. तिसरा गालावर. रक्त तांदळात. किंचाळली नाय ती, नुसती हाताकडे बघत होती. आई पासष्ट किलोच्या गड्याच्या अंगावर गेली, त्याच्या खांद्याला चावली, आणि मग पाट्यावरचा वरवंटा उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला. गुडघा फुटला तेव्हा तो बसला. आईने थांबवला त्याला, एकटीने. मी कुठे होतो? मी दाराशीच. माझा हात कडीवर होता.”

“बाबा,” संचिता म्हणाली. नियम तिनेच मोडला.

“हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर बहिणीने विचारलं, कडी कोणी काढली? तिला झोपेत आवाज आलेला कडीचा. मी तोंड उघडायच्या आत आई बोलली, मी काढली. नंतर जिन्यात मला म्हणाली, माझं काय, मी आज आहे, उद्या नाय. माहेर भावाचं असतं. भाऊ तुटला तर तिला जगात कोण? तू बोलू नको. मी नाय बोललो. आईसाठी नाय बोललो असं मी स्वतःला सांगायचो. ते खोटं आहे. मला सोयीचं होतं ते.”

तो उठला. मत घ्यायची पद्धत होती, दोषी की निर्दोष, हात वर करून. कोणी हात वर केला नाही. सर्वेशने रुमाल नाकावरून काढला होता आणि रक्त ओठावर येऊन थांबलं होतं, त्याचंही त्याला भान नव्हतं.

संचिता बापाकडे बघत होती. त्याला ज्या नजरेची तेवीस वर्षं भीती होती, ती हीच. तिच्यात राग असता तर चाललं असतं. ती त्याला अनोळखी माणसासारखं न्याहाळत होती.

“आजी मला चिक्की द्यायला यायची तेव्हा मी घ्यायची नाय,” ती म्हणाली. “तुम्ही बघायचात.”

“हो.”

“चला,” ती म्हणाली. “आत्याकडे. आत्ता.”

कळव्याला जाणाऱ्या लोकलमध्ये ती त्याच्या शेजारी बसली, पण मध्ये पिशवी ठेवून.

हेमा घरीच होती. एका दवाखान्यात केसपेपर लिहायची. चोविसाव्या वर्षी डाव्या हाताने ‘अ’ गिरवण्यापासून सुरुवात केली आणि आता तिथल्या सगळ्यांत देखणं अक्षर तिचं. नवरा काळुराम सात वर्षं आत राहून सुटला आणि पुढे कुठे तरी दारूत संपला. त्याची बातमी आली त्या दिवशीही ती कामावर गेली होती.

“काय रे दादा, न सांगता? आणि हिचं तोंड का असं?”

त्र्यंबक बसला नाही. उंबऱ्याच्या आत उभ्याउभ्याच त्याने सांगितलं. खुर्चीत बसून सांगणं सोपं होतं, तिथे ओम्बरच्या आडून बोलता येत होतं. इथे चार वाक्यांत सगळं संपलं.

हेमाने ओट्याजवळचा नळ घट्ट बंद केला.

“आई काय बोललेली?” तिने विचारलं. “परत सांग.”

“उघडू नको रे, बोललेली.”

“हळू की मोठ्याने?”

“हळू. तू झोपलेलीस म्हणून.”

हेमाने मान हलवली. तिच्या गालावरचा जुना वण पांढरा पडला होता.

“सहा वर्षांपूर्वी ती जायला टेकली तेव्हा तूच मला बोलावून घेतलेलंस,” ती म्हणाली. “ती माझ्याकडे पाणी मागत होती. नर्स बोलली, तुमच्याच हातचं हवंय त्यांना. मी बाटली स्टुलावर ठेवली आणि नर्सला बोलले, तुम्ही द्या. माझा हात घेतलाय तिने, कुठल्या हाताने देऊ. असं बोलले मी. तिला ऐकू जाईल असं. तू पायथ्याशी उभा होतास ना रे?”

“होतो.”

“तेव्हा पण नाय बोललास.”

“नाय.”

तिने ओट्यावरचं पातेलं उचललं आणि फेकून मारलं. ते त्याच्या छातीवर आदळून दाराबाहेर गडगडत गेलं. शेजारची बाई डोकावली. हेमाने तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. मग ती डाव्या हाताने त्याला मारत सुटली, तोंडावर, मानेवर, खांद्यावर. उजव्या बाजूचा थोटा हातही तितक्याच जोराने बसत होता, आणि तो जास्त लागत होता. संचिता पुढे झाली नाही. त्र्यंबकने हात वर केले नाहीत. थकल्यावर हेमा थांबली, पदराने तोंड पुसलं आणि कपाटाशी गेली.

“हे सरकव,” ती संचिताला म्हणाली.

कपाटामागे वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चौकट होती. आईच्या दिवसांनंतर त्र्यंबकनेच आणून दिलेला फोटो. तेव्हाची दोरीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. हेमाने ती दातांनी सोडली. फोटोतल्या मालनबाई, त्यांची आई, कपाळभर कुंकू लावून, फोटो काढणाऱ्यावर जराशी रागावल्यासारख्या बघत होत्या.

खणातून हेमाने हातोडी काढली आणि एक लांब खिळा.

“मी धरते, आत्या,” संचिता म्हणाली.

“तू नको,” हेमा म्हणाली. “त्याला धरू दे.”

त्र्यंबकने देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर खिळा टेकवला, चिमटीत घट्ट धरला. हेमाने हातोडी तोलली. ती लिहायची डाव्या हाताने, पण खिळा कधी ठोकला नव्हता. पहिला घाव त्याच्या अंगठ्यावर बसला. हाड वाजलेलं तिघांनी ऐकलं. संचिताच्या तोंडून चीत्कार निघाला.

हेमा त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो खिळ्याकडे बघत होता. नखाखालून रक्त येऊन चुन्यावर ओघळलं, तरी चिमूट हलली नाही.

“जरा वर,” ती म्हणाली.

त्याने खिळा बोटभर वर घेतला आणि तिने पुन्हा हातोडी उचलली.