डावा तळहात

"गळ्यातलं सगळं काढून लॉकरमध्ये ठेवा, मावशी. आत काहीच चालत नाही," काउंटरवरची तनुजा म्हणाली. सकाळपासून हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं होतं, की समोर कोण उभं आहे हे पाहायचीही तिला गरज वाटत नव्हती.

उमादेवींचा हात आपसूक पदराखाली गेला. गळ्यात दागिना असा काही नव्हताच. होती ती शिवदाऱ्यात, लिंगायतांच्या पवित्र दोऱ्यात, ओवलेली चांदीची लहानशी डबी, आणि डबीत सुपारीएवढं काळं लिंग. त्यांचं बारसं व्हायच्या आधी मठाच्या स्वामींनी ते गळ्यात बांधलं होतं, तेव्हापासून ते अंगावरच होतं. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि मगच घोटभर पाणी प्यायचं. माणूस गेलं की त्याचं लिंग त्याच्याच डाव्या हातात देऊन त्याला मातीत बसवायचं. मागं नवऱ्याला, सिद्रामप्पांना, असंच बसवलं होतं. निलंग्यात जन्मभर किराणा विकलेला तो माणूस, जाताना हातात तेवढंच घेऊन गेला.

"आत्या, काढा की," सून मंजुश्री दबक्या आवाजात म्हणाली. "मागं लाइन लागली. लोक बघून राहिले."

मंजुश्रीचं स्वतःचं लिंग देवघराच्या खणात असे, सणावाराला बाहेर निघे. तिला बोल लावण्यात अर्थ नव्हता. आता पुष्कळ घरांत तसंच आहे.

"मी बसते इथं बाहीर. तुम्ही जाऊन या," उमादेवी म्हणाल्या.

"मग मी पण नाही जाणार!" अक्षरानं जागेवरच बसकण मारली. वाढदिवस तिचा होता. तिच्यासाठीच तर भल्या पहाटे निलंग्याहून नांदेडला गाडी काढली होती, गुरुद्वारात डोकं टेकलं होतं आणि मग मॉलच्या या वरच्या मजल्यावर आले होते. 'भिंगरी' असं त्या जागेचं नाव. आत अंधाराच्या खोल्या होत्या, उजेडाच्या खोल्या होत्या, वाऱ्याची खोली होती. पायाखाली काय येईल आणि कानात काय वाजेल याचा नेम नाही. अक्षराच्या वर्गातल्या निम्म्या पोरी तिथं जाऊन आल्या होत्या.

"अव्वा, चल ना गं. पोरीचं मन कशाला मोडती?" त्यांचा मुलगा सोमेश म्हणाला.

नातीपुढं उमादेवींचं काही चालत नसे. त्या लॉकरपाशी गेल्या. पत्र्याचा एकच खण होता. त्यात सोमेशचे बूट होते, मंजुश्रीच्या सँडल होत्या, अक्षराचे चिखलाचे बूट होते आणि त्यावर मंजुश्रीनं आपली पर्स ठेवली होती.

"इथं ठेवा, पर्सवर. कुलूप लागतंय," सोमेश म्हणाला.

चपलांच्या खणात देव! उमादेवींनी भिंतीकडे तोंड केलं, शिवदारा गळ्यातून काढला, डबीला गुंडाळला आणि डबी पदराच्या टोकाला बांधली. एक गाठ, तिच्यावर दुसरी गाठ. ती गाठ कमरेला घट्ट खोचली. जन्मभर दुकानाच्या किल्ल्या अशाच सांभाळल्या होत्या; कधी हरवल्या नव्हत्या.

"काढलं का?" मंजुश्रीनं विचारलं.

"काढलं," त्या म्हणाल्या. यात खोटं काही नव्हतं.

आत गेल्यावर पहिल्या खोलीतच त्या दचकून थबकल्या. जमिनीवर पाय टेकला की पायाखाली निळा उजेड फुटायचा, पाय उचलला की विझायचा. "आजी, पळ! तुझ्यामागं उजेड येतोय!" अक्षरा ओरडली. पळायचं? सोळाव्या वर्षी सिद्रामप्पांच्या घरात आल्या तेव्हापासून कुणी त्यांना पळायला सांगितलं नव्हतं. हळू चाल, हळू हस, पदर सावर, दुकानात गिऱ्हाईक बसलंय. डाळी निवडायच्या, पुड्या बांधायच्या आणि आतलं हसणं आतच ठेवायचं, अशी त्यांची चाळीस-पंचेचाळीस वर्षं गेली. त्या आधी बिचकत चालल्या, मग भराभर चालल्या आणि मग खरंच दोन पावलं पळाल्या. उजेड मागं मागं आला.

वाऱ्याच्या खोलीत केस सुटले. आरशांच्या खोलीत चहूकडे उमादेवीच उमादेवी दिसल्या आणि त्यातली एकही ओळखीची वाटेना, कारण सगळ्या हसत होत्या. शेवटी ती घसरगुंडी आली. वर चढायचं, बसायचं आणि अंधारातून सुर्रकन खाली, थेट प्लॅस्टिकच्या चेंडूंनी भरलेल्या हौदात. पहिल्यांदा त्या घाबरून किंचाळल्या. गळ्यापर्यंत चेंडूंत रुतल्या, वर आल्या आणि अशा हसत सुटल्या, की डोळ्यांतून पाणी आलं.

"अजून एकदा?" अक्षरानं विचारलं.

"चल," त्या म्हणाल्या. आणखी एकदा झालं. त्यानंतर तर त्या नातीच्याही पुढं जिना चढल्या. खोटं कशाला बोला, त्या बाईला आयुष्यात एवढा आनंद फार थोड्या वेळा झाला होता.

पुन्हा वर जायचं म्हणून त्यांनी पदर खोचायला हात कमरेला नेला. पदर कमरेला नव्हता. तो मागं लोळत होता, आणि त्याच्या टोकाला नुसत्या चुण्या होत्या. गाठ सुटली होती.

त्यांनी कुणाला हाक मारली नाही. असली गोष्ट तोंडानं बोलायची कशी? लिंग हरवलं असं म्हणण्यापेक्षा जीव गेलेला बरा, हे लहानपणापासून ऐकलेलं. एकदा बोललं की ते खरंच होणार. त्या हौदात बसल्या आणि दोन्ही हातांनी चेंडू उपसू लागल्या. लाल, पिवळे, हिरवे. एक बाजूला सारला की त्याच्या जागी दोन येत. पोरं धबाधबा वरून अंगावर पडत होती आणि प्रत्येक पोरासरशी सगळा हौद पुन्हा ढवळून निघत होता. त्या हातांनी चाचपत होत्या, पायांनी चाचपत होत्या आणि पाय लागेल म्हणून पाय वर घेत होत्या.

"काय भारी आजी आहेत यार!" कठड्यावरून कॉलेजच्या पोरी म्हणाल्या. दोघी-तिघींनी मोबाइल काढले.

मंजुश्रीनंही काढला. सासू अशी खेळताना तिनं कधी पाहिली नव्हती, आणि तिला खरोखरच बरं वाटलं होतं. "आत्या! आवं आत्या, इकडं बघा! हात वर करा!"

उमादेवींनी वर पाहिलं. सूनच होती, घरचं माणूस. त्यांनी हात वर केला; ये, लवकर ये, असा.

"लई छान आला!" मंजुश्री म्हणाली आणि तिनं तो व्हिडिओ तिथल्या तिथं घरच्या ग्रुपवर टाकून दिला.

वेळ संपल्याची घंटा झाली. सगळे बाहेर निघाले, उमादेवी निघेनात. तनुजा आली. "मावशी, चला. दुसरी बॅच थांबलीय."

"माझा देव पडलाय बाई इथं," उमादेवी म्हणाल्या. शेवटी म्हणावंच लागलं.

"काय पडलंय?"

तोवर सोमेश आला. "काय झालं अव्वा?"

"देव पडला रे सोमेश. गाठ सुटली."

सोमेशचं तोंड उतरलं. तो तसाच हौदात उतरला आणि त्यानं शोधलंही. शोधलं नाही असं कुणी म्हणू नये. पण बाहेर दुसऱ्या बॅचची पोरं कठड्याला लोंबकळत होती, त्यांचे आईबाप घड्याळं बघत होते.

"सोन्याचं होतं का?" तनुजानं विचारलं.

"चांदीची डबी हाय. बारकी."

"मग नंबर देऊन जा. उद्या सोमवार, आम्ही सगळे बॉल काढून धुतो. तेव्हा सापडेल ना. चांदी कुठं जातीय?"

परतीच्या वाटेवर उमादेवी मागं बसल्या होत्या. अक्षरा मांडीवर झोपली होती. मग सोमेश न राहवून म्हणाला, "लॉकरात ठेवली असती तर? कुलूप होतं की अव्वा. मी म्हणलो होतो."

चपलांशेजारी देव ठेवायचा नाही म्हणून त्यांनी तो कमरेला बांधला, आणि आता नांदेडची पोरं त्याच्यावर नाचत होती. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. शिवाय तो पडला तेव्हा आपण हसत होतो, हे त्यांच्या मनातून जाईना. कितव्या फेरीला पडला? पहिल्या की शेवटच्या? म्हणजे किती वेळ आपण त्याच्याशिवाय हसत होतो?

सोमवारी सकाळी त्यांची आंघोळ झाली. पूजेचं पात्र घेतलं, भस्माची वडी घेतली, पाटावर बसल्या आणि तशाच उठल्या. चहा परत गेला. दुपारी ताट परत गेलं.

"आत्या, पाणी तरी घ्या," मंजुश्री म्हणाली.

"पूजा झाल्याबिगर कसं घेऊ गं?"

"मग मठात जाऊन नवं आणू. स्वामी देतेत की. एवढं काय त्यात?"

"नव्याला माझं काय ठावं हाय?" उमादेवी म्हणाल्या. "बाळंतपणात ते माझ्यासंगं होतं. हे गेले तवा होतं. थांब जरा, मिळल. फोन येणार हाय."

फोनची वाट बघत असतानाच शेजारच्या धोंडाबाई आल्या. दारातूनच हसत म्हणाल्या, "उमाव्वा, मोबाइलात बघितलं की मी! लई खेळलाव! ह्या वयात काय ती हौस! माझ्या जावयानं लातूरहून पाठवलाय बघा मला."

व्हिडिओ नांदेडहून निलंग्याला, निलंग्याहून लातूरला जाऊन परत शेजारी आला होता. त्याला कुणीतरी गाणंही लावलं होतं. धोंडाबाईंनी तो पुढ्यात धरला. एक म्हातारी रंगीत चेंडू उडवत होती. मग वर बघून हात हलवत होती. खाली लोकांनी हसरी तोंडं टाकली होती.

"हाव," उमादेवी म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

फोन खरं तर सकाळी उशिराच येऊन गेला होता, दुकानावर, सोमेशच्या मोबाइलवर. डबी मिळाली! सोमेशनं दुकान नोकरावर टाकलं आणि कुणाला काही न सांगता नांदेड गाठलं. पोरगा वाईट नव्हता. येताना त्यानं सराफाच्या दुकानी गाडी थांबवली आणि डबी उजळून घेतली. आईला खूश करायचं होतं त्याला. दिवेलागणीला तो घरात आला तो हाका मारतच. "अव्वा! अव्वा, हे बघ काय आणलंय!"

उमादेवी उठल्या त्या भिंतीला धरून. दिवसभरात पोटात पाणी नव्हतं. त्यांनी आधी हात धुतले, भस्माचं बोट कपाळाला लावलं आणि मग ओंजळ पुढं केली. सोमेशनं डबी ओंजळीत ठेवली. नवी कोरी असल्यागत चमकत होती. वर्षानुवर्षांचा काळपट रंग गेला होता, घासून घासून कडेची नक्षीही पुसट झाली होती.

त्यांनी झाकण काढलं. आतही तशीच लखलखीत होती.

"आतलं?" त्यांनी विचारलं.

सोमेश मंजुश्रीकडे बघू लागला.

"आतलं कुठं हाय रे?"

"ते... मी विचारलं त्या काउंटरवरच्या पोरीला, अव्वा. झाडणाऱ्या बाईला डबी उघडीच घावली म्हणं. बाजूला काळा खडा पडला होता. तिला वाटलं, कुण्या पोराच्या बुटातून आला." सोमेश खाली बघून म्हणाला. "तिनं तो कचऱ्यात टाकला. गाडी सकाळीच कचरा घेऊन गेली. म्हणलं, डबी तर हाय, आत नवं बसवता येईल."

मंजुश्री हळूच म्हणाली, "चांदी तरी मिळाली."

उमादेवींनी झाकण लावलं. डबी कोनाड्यात ठेवली. त्या बाईला त्यांनी बोल लावला नाही. तिनं तिचं काम केलं होतं. ज्यांना काय ते ठाऊक होतं, ती माणसं तर घरचीच होती.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्या पाटावर बसल्या. डावा तळहात पुढं धरला. त्यावर पाणी घातलं, ते बोटांतून पात्रात गळून गेलं. भस्म लावलं. मधोमध बेलाचं पान ठेवलं. अक्षरा दप्तर घेऊन दारात उभी होती.

"आजी, हातावर काहीच नाही."

"न्हाई बाळा," त्या म्हणाल्या आणि मिटल्या ओठांनी जप पुरा केला. मग स्वयंपाकघराकडे वळून चहा मागितला.

चहा घेतला, दुपारी भाकरी खाल्ली. मंजुश्रीला हायसं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. "बघा, मी म्हणले न्हवते का?" ती नवऱ्याला म्हणाली. "दोन दिवस वाटतं तसं. विसरतंय माणूस."

मधल्या खोलीत उमादेवींना ते ऐकू आलं. त्याच्या दुसऱ्या सकाळी सोमेश दुकानाला निघाला तेव्हा त्या उंबऱ्यापाशी आल्या.

"सोमेश, एक ऐक."

"बोल की अव्वा."

"माझी बारी येईल तवा मला बसवशील ना मातीत, तवा डावा हात उघडा ठेवू नको."

"काय बोलून राहिलीस सकाळी सकाळी?"

"बोलू दे. सगळा समाज येतो, वाकून बघतो. मूठ मिटून ठेव माझी. घट्ट. रिकामी हाय, हे दिसाय नको कुणाला."

सोमेशनं मान हलवली. त्याचा फोन वाजत होता. तो उचलून बोलत बोलत तो पायऱ्या उतरला. उमादेवी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. डाव्या हाताची बोटं त्यांनी एकेक करून आत दुमडली, आणि मूठ नीट मिटते की नाही ते बघितलं.