ओवाळणीतली वॅगन

ज्या दिवसांत त्या वॅगनमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या, त्या दिवसांत ती कुणालाच नको होती, हे आधी सांगून टाकते. नंतर तिच्यावर हक्क सांगायला जे उभे राहिले, त्यांच्यापैकी एकानेही तिच्यातली घाण खरवडलेली नाही. ती मी खरवडली. नाकाला पदर बांधून, खुरप्याने, दोन रविवार.

गाडी आमच्या अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील, सहादू. निफाडला आमची शेती होती, पण अण्णांचा जीव रमायचा तो पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांच्या ठेक्यांत. तिकडे साधी मोटार चालत नाही म्हणून त्यांनी देवळालीच्या मिलिटरीच्या लिलावात ही स्टेशन वॅगन घेतली. चारही चाकांना इंजिनाचा जोर, आणि मागे सगळं घरदार मावेल एवढी ऐसपैस. सुट्टीत आम्हाला तिच्यात कोंबून अण्णा कामावर न्यायचे. घाट सुरू झाला की माझा थोरला भाऊ धोंडीराम खिडकीतून उलट्या करायचा आणि मी पुढच्या सीटवर उड्या मारायचे. अण्णांनी पेठच्या जंगलात गाडी शिकवली ती मला. दादाने स्टिअरिंगला हात लावला नाही, म्हणायचा डोकं गरगरतं.

अण्णा गेले आणि गाडी गोठ्याशेजारी जाऊन बसली. टायर बसले, काचा फुटल्या, कोंबड्या शिरल्या.

अण्णांचं वर्षश्राद्ध झालं तसं दादा मला निफाडच्या कचेरीत घेऊन गेला. आमच्याकडची रीत अशी, की बाप गेला की बहिणीने जमिनीवरचा हक्क सोडून द्यायचा आणि भावाने तिला साडीचोळी करायची. बहिणीने ती नेसायची, पुरणपोळी खायची, डोळे पुसायचे आणि माहेर शाबूत राहिलं म्हणून समाधान मानायचं. सही नाही केली तर माहेर तुटलं. सगळ्या करतात, मीही करणारच होते. राग येत होता, पण करणार होते. पेन हातात घेताना मी एवढंच म्हटलं, "दादा, मला साडीचोळी नको. अण्णांची वॅगन दे."

तो इतका हसला की कचेरीतला कारकून वळून बघायला लागला. "ते खटारं? ने की! दोन कोंबड्या पण ने वर."

मी सही केली. गाडीवर अण्णांचंच नाव होतं, ते माझ्या नावावर करून घेऊ म्हटलं, तर दादा म्हणाला, "अगं, भावाभैनीत कसले कागद? लोकं काय म्हणतील?" आणि मी, जिच्या नाकावर कायम राग असतो असं अख्खं गाव म्हणतं, ती मी, 'बरं' म्हणाले. माझ्यासारखी मूर्ख बाई दुसरी नसेल. पण भावाकडून लिहून मागायचं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा, तो आमच्याकडे कुणी दाखवत नाही. त्याचा फायदा नेहमी कुणाला होतो ते सांगायला नको.

ट्रॅक्टरच्या मागे बांधून गाडी नाशिकला आणली. पंचवटीत आमचं भाड्याचं घर, पुढे थोडं अंगण. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, शाळेत भूगोल शिकवायचे. वाळवंट फळ्यावर काढून काढून त्यांच्या बोटांना खडूने भेगा पडल्या होत्या, पण प्रत्यक्षात ते कधी शिर्डीच्या पुढे गेलेले नव्हते. माझा घरातच शिवणाचा क्लास. गाडी बघून ते म्हणाले, "हिचं काय करायचं?" मी म्हटलं, "तुम्हाला थरच्या वाळवंटात न्यायचं. कच्छच्या रणात न्यायचं. आणि मी चालवणार." त्यांनी चष्मा काढून पुसला, म्हणजे ते खूश झाले.

नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या गोटीराम मिस्त्रीने काम घेतलं. गोटीरामशी मी तीन वर्षं भांडले. पेट्रोलचं इंजिन पाण्यासारखं पेट्रोल पिणार, म्हणून ते काढून डिझेलचं बसवायचं, इथवर आमचं एकमत होतं. पुढे एका गोष्टीवर जमलं असेल तर शपथ. कुजलेल्या तळाला त्याने पत्रा ठोकला, तर जोडांतून धूळ आत येणार म्हणून मी तो पुन्हा उचकटायला लावला. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना त्याने जास्तीची पानं घातली आणि गाडी एवढी उंच केली, की मास्तरांना चढायला स्टूल लागायला लागलं. "ताई, माझं ऐका, उंच गाडी नदीत बुडत नाय," तो म्हणाला. "पण माणूस आत चढला तर पाहिजे ना!" मी ओरडले. शेवटी दोन पानं कमी झाली आणि दाराखाली लोखंडी पायरी आली. ती पायरीही पहिल्यांदा वाकडी बसवली होती.

बाकीचं मी केलं. मागच्या सीटा बिजागऱ्यांवर घेतल्या, म्हणजे रात्री पाडल्या की दोघांचं अंथरूण. त्यांच्याखाली लाकडी खण करून घेतले. एकात स्टोव्ह, एकात डबे, एकात तवा-परात, खडखडू नये म्हणून प्रत्येकाला गोधडीचं अस्तर. टपावर पाइपचा कॅरिअर, त्यावर पाण्याचे आणि डिझेलचे डबे आणि दोन जादा टायर. मागचं दार वर उघडलं की त्याला अडकवायचा तंबू मी स्वतः शिवला. ताडपत्रीने मशीनच्या किती सुया मोडल्या ते विचारू नका. क्लासच्या मुली हसायच्या. "बाई, ब्लाउज कधी शिकवणार?" मी म्हणायचे, "ताडपत्रीला टीप घालता आली की ब्लाउज आपोआप येतो."

त्र्याऐंशी सालच्या पावसाळ्याच्या शेवटी सुरगाण्याकडे नेऊन पाहिली. ओढ्यात उतरले, पाणी पायरीला लागलं, चारही चाकांना जोर दिला आणि हळूहळू पलीकडच्या काठावर चढले. मास्तर टाळ्या वाजवत होते. मी तिथेच इंजिन बंद केलं आणि रडले. अण्णांनी बघायला पाहिजे होतं, दुसरं काही नाही. दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं.

आणि दसऱ्याच्या आधी दादा आला. तो त्या वर्षी निवडणुकीला उभा होता. कुठल्या ते सांगून त्या संस्थेची शोभा करत नाही. मी बाजारात गेले होते. सोबत त्याचा ड्रायव्हर वाळू. गाडीभोवती फिरून दादा मास्तरांना म्हणाला, "पाव्हणं, दोन दिवस नेतो. खेडोपाडी फिरायचंय." आणि आमच्या मास्तरांनी किल्ली दिली. वर चहा दिला!

"अहो, दिलीत कशी?" मी विचारलं.

"अगं, तुझा भाऊ. नाही कसं म्हणू?"

"तोंडाने म्हणायचं!" मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. दोन दिवसांनी गाडी आली नाही. दसराही गेला. गाडी धुऊन झेंडू घालायचा सण, आणि आमच्या अंगणात गाडीच्या जागी तेलाचा डाग. मी एसटीने निफाडला गेले.

वॅगन वाड्यावर नव्हती, पारापाशी होती. माझ्या कॅरिअरवर भोंगा बांधलेला. दोन्ही बाजूंना दादाचे फोटो. आत दहा-बारा कार्यकर्ते, पानाच्या पिचकाऱ्या. लाकडी खण काढून टाकले होते, कारण माणसं बसायला अडचण होते. ते गोठ्यात सापडले. एकात पेंड भरली होती. आणि माझा तंबू, ज्याची एकेक शिवण मी दुहेरी घातली होती, तो खळ्यावर मक्यावर टाकलेला.

"दादा, गाडी दे."

"देतो ना. मतदान होऊ दे."

"दिवाळीनंतर मला निघायचंय. ती माझी गाडी आहे."

तो कार्यकर्त्यांकडे बघून हसला. तेच कचेरीतलं हसणं. "शके, अण्णांची गाडी हाय ती. घराण्याची. नाव अजून त्यांचंच हे, बघ जा. तू डागडुजी केली, लय झ्याक केली. पर म्हणून काय तुझी झाली?"

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आई मध्ये पडली आणि मलाच म्हणाली, "हळू बोल, लोकं ऐकतात." माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त वेळा सांगितलं गेलेलं वाक्य हेच असेल. घरी आले आणि मास्तरांना सांगितलं, "तुम्ही फळ्यावरच काढा वाळवंट." रात्री बघते तर त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढून गुंडाळून ठेवला होता. त्याने माझा राग आणखी वाढला.

भाऊबिजेला जाणार नव्हते. आईने निरोपावर निरोप धाडले, शेवटी आत्याला पाठवलं. ठमाबाई आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. तिने फार समजूत वगैरे काढली नाही. म्हणाली, "भांडायचं तर तिथं येऊन भांड. हितं बसून कुणाला आइकू जानार?" गेले.

दारात मांडव घातल्यासारखी गर्दी. मतदान चार दिवसांवर, म्हणून दादाने भाऊबिजेलाही गाव जेवायला बोलावलं होतं. वॅगन धुऊन दारात उभी. त्याने बहिणीची गाडी लाटली अशी कुजबुज विरोधकांनी सुरू केली होती, ते मला नंतर कळलं. तेव्हा मला गाडी दिसली आणि वाटलं, चला, लाज वाटलेली दिसते.

पाट मांडला. दादा टोपी घालून बसला. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळलं. दादाने खिशात हात घातला, किल्ली काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि खण्णकन ताटात टाकली.

"आज माझ्या भैनीला मी ओवाळणीत मोटार घातली!" तो भाषणातल्या आवाजात म्हणाला. "अण्णांची आठवण होती, जिवापाड जपली मी. पर भैनीपुढं मोटार काय चीज हे?"

टाळ्या. खरंच टाळ्या. एक म्हातारा तर डोळे पुसत म्हणाला, "भाऊ असावा तर असा." आई पदराआडून मला खुणावत होती, घे, घे, पाया पड. मास्तर भिंतीशी उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर आशा दिसत होती, एवढी की मला बघवेना. घेतली असती तर दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो असतो. माझी गाडी मला मिळाली असती, आणि जन्मभर ती दादाने दिलेली झाली असती. कोंबड्यांची घाण, मोडलेल्या सुया, गोटीरामशी तीन वर्षं केलेली भांडणं, सगळं त्याच्या उपकारात जमा. मी मान खाली घालून ताटातल्या किल्लीकडे बघत होते. लोकांना वाटलं, बहीण गहिवरली.

"दादा," मी म्हटलं, "ही आज दिलीस?"

"आज! समद्यांदेखत."

"म्हणजे कालपर्यंत तुझी होती?"

"मंग? घराण्याची म्हंजे माझीच की."

"मग कचेरीत मी जमिनीवरचा हक्क सोडला, त्या दिवशी तू मला काय दिलंस?"

त्याला पटकन कळलं नाही. आत्याला कळलं. ती खांबाला टेकून बसली होती, ती उठून उभी राहिली. आमच्याकडे भाऊ बहिणीचा जमिनीतला वाटा गिळतो, त्याला कुणी नाव ठेवत नाही. पण रिकाम्या हाताने गिळला, साडीचोळीही केली नाही, असं कळलं तर त्याच्या घरचं पाणी कुणी पीत नाही.

"धोंड्या," आत्या म्हणाली, "साडी नाय, चोळी नाय, मोकळ्या हातानं सही घेतली का रं तिची?"

"नाय नाय, आत्या, तसं नाय..."

"मंग काय केलतं तिला? सांग की."

टाळ्या वाजवणारे हात आता कुणी पाठीमागे घेतले, कुणी खिशात. जेवायला बसलेली पंगतसुद्धा थांबली. दादाने माझ्याकडे बघितलं. लहानपणी घाटात उलटी व्हायच्या आधी तो असाच बघायचा. मला दया आली नाही. मी ताट त्याच्यासमोर तसंच धरून उभी राहिले.

"गाडी," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"गाडी दिली होती."

"कुणाला?"

"तुला."

"कधी?"

"त्याच दिवशी. सहीच्या दिवशी." आणि मग, आत्या अजून उभीच होती म्हणून, जरा मोठ्याने, "साडीचोळीच्या बदल्यात तिनं गाडी मागितली, मी दिली. गाडी तिचीच हे."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

मी ताटातली किल्ली उचलली आणि कमरेला खोचली. मास्तरांना म्हटलं, "अहो, गोठ्यातून आपले खण आणा. पेंड तिथेच ओता." ते निघालेसुद्धा. वाळू ड्रायव्हर, कुणी न सांगता, टपावर चढून भोंगा सोडायला लागला. दादा पाटावरून उठायला लागला.

"बस," मी म्हटलं. "माझी होती ती मी घेतली. आता भाऊबीज घाल."